संयुक्त मंडळातील अनुपस्थित पक्ष : साखरेची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे आणि नगर जिल्ह्यातील ऊसतोड

गेल्या तीन-साडेतीन दशकांत उद्योगधंद्यांच्या नियमनाचा एक निराळा प्रकार जगभर रूढ झाला आहे. कायदा करणारे सरकार, त्याची अंमलबजावणी पाहणारा निरीक्षक आणि वादाचा निवाडा करणारे न्यायालय ही नियमनाची परिचित त्रयी होय. तिच्या बाहेर राहून, एखाद्या मालात ज्यांचे ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत अशा पक्षांनी एकत्र बसून नियम करावयाचे, त्रयस्थ तपासनिसाकडून त्यांची तपासणी करवावयाची आणि उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र द्यावयाचे, असे या नव्या प्रकाराचे स्वरूप आहे. १९९३ साली वनमालासाठी असे एक संयुक्त मंडळ स्थापन झाले. २००४ साली पामतेलासाठी झाले. त्याच सुमारास उसासाठीही प्रयत्न सुरू झाले. या मंडळांचा युक्तिवाद सरळ आहे. माल देशोदेशींच्या सीमा ओलांडतो, राज्याचा अंमल मात्र सीमेपाशी थांबतो. तेव्हा मालाच्या मागोमाग जाऊ शकेल असा नियम हवा, आणि तो संबंधितांच्या संमतीने झालेला असावा. युक्तिवादाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. प्रश्न उत्तरार्धाचा आहे : संबंधित कोण, आणि संमती कोणाची?

या प्रश्नाचा विचार उसाच्या संदर्भात करावयाचा तर ‘बोन्सुक्रो’ या मंडळाकडे पाहावे लागते. आरंभी ‘बेटर शुगरकेन इनिशिएटिव्ह’ या नावाने, निसर्गरक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्था व साखरेचे मोठे खरेदीदार यांच्या पुढाकाराने हे मंडळ उभे राहिले. त्याचे कार्यालय लंडनला असून २०११ पासून त्याची प्रमाणपत्रे प्रत्यक्ष दिली जात आहेत. साखर कारखाना आणि त्याला ऊस पुरविणारे क्षेत्र हा प्रमाणपत्राचा घटक. पाणी, खते, इंधन, उतारा, अपघात, वेतन अशा बाबींचे निकष ठरलेले असून त्यांपैकी काही गाभ्याचे मानले आहेत. गाभ्याचे सर्व आणि एकंदरीत किमान ८० टक्के निकष पाळले की प्रमाणपत्र मिळते. या रचनेचा गुण मान्य केला पाहिजे. सदिच्छेची भाषा सोडून तिने मापाची भाषा स्वीकारली आहे. एक टन उसामागे किती पाणी लागले, हा प्रश्न ‘पर्यावरणाची काळजी घेता काय’ या प्रश्नापेक्षा केव्हाही अधिक प्रामाणिक होय.

परंतु मापाचाच एक परिणाम असा की, जे मोजता येते ते दिसते आणि जे मोजणाऱ्याच्या वहीत मुळी येतच नाही ते नाहीसे होते. अहमदनगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, या दृष्टीने अभ्यासाला विलक्षण सोयीचा आहे. साखरधंद्याची दोन्ही टोके येथे एकाच जिल्ह्यात सापडतात.

उत्तरेस प्रवरेचे खोरे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांवर उसाचे क्षेत्र वाढले. हरिगावची बेलापूर कंपनी आणि टिळकनगरचा कारखाना हे खाजगी भांडवलाचे प्रयत्न. त्यांच्याशी भावाबाबत झगडून कंटाळलेल्या शेतकऱ्यांतून विठ्ठलराव विखे पाटील पुढे आले, वैकुंठभाई मेहता व धनंजयराव गाडगीळ यांचे साहाय्य त्यांना लाभले, १९४८ च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे असे एकेक तालुके पुढे त्याच वाटेने गेले. दक्षिणेस व पूर्वेस मात्र पाथर्डी, शेवगावचा काही भाग, जामखेड असा पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. तेथील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून, म्हातारीकोतारी माणसे मागे ठेवून, ऊस तोडावयास बाहेर पडतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण याहून मोठे. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची एकूण संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते.

प्रवरेच्या उदाहरणाकडे आज पुन्हा पाहावयाचे कारण हे की, अनेक पक्षांनी एकत्र बसून नियमन करण्याचा तो आपल्याकडील एक जुना आणि यशस्वी प्रयोग होता. शेतकरी, सहकारी बँक, वित्तसंस्था, सरकार आणि अर्थशास्त्रज्ञ असे नाना पक्ष त्यात होते. तो यशस्वी का झाला? सर्व पक्षांच्या सद्भावनेमुळे झाला, असे चरित्रांतून सांगितले जाते. सद्भावना होतीच, पण निर्णायक गोष्ट निराळी होती. ऊस उत्पादकाजवळ भाग होता, एकास एक याप्रमाणे मत होते, आणि त्याने ऊस दिला नाही तर कारखान्याचे चाक फिरत नव्हते. पक्ष या शब्दाला खरा अर्थ येतो तो येथे : ज्याच्या संमतीवाचून निर्णय उभा राहू शकत नाही तो पक्ष, बाकीचे निमंत्रित. कोपरगावच्या कारखान्याचा सूक्ष्म अभ्यास करून बी. एस. बाविस्कर यांनी १९८० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सभासदांचे हे राजकारण, निवडणुका, गट आणि लहानमोठ्या बागायतदारांचे संबंध बारकाईने आले आहेत. सहकारी कारखान्यात सत्ता कोठून उपजते हे त्यावरून कळते. आणि ती ज्या सभासदत्वातून उपजते, त्याची अट ऊस पिकविणे ही आहे; ऊस तोडणे ही नाही. तोडणाऱ्याला या रचनेत आरंभापासून जागा नव्हती. तो कारखान्याचा सभासद नाही, आणि कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे नोकरही नाही.

तो कोणाचा, याचे उत्तर शोधू लागले म्हणजे साखळी लांबत जाते. कारखाना उचलीची रक्कम देतो ती बहुधा आपल्या तोडणी-वाहतूक संस्थेमार्फत. ती संस्था करार करते तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादम गावोगाव फिरून टोळी जमवितो आणि उचल वाटतो. उचल घेणारा घटक म्हणजे ‘कोयता’. कोयता हे हत्याराचे नाव असले तरी या व्यवहारात त्याचा अर्थ नवरा-बायकोची जोडी असा आहे. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. एका संज्ञेत एवढे समाजशास्त्र सामावल्याची उदाहरणे विरळाच असतील. उचल जोडीच्या नावाने म्हणजे पुरुषाच्या हाती येते, हिशेब टनावर होतो, आणि तो हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीत होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आजारपणाने किंवा अन्य कारणाने काम बुडाले की ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड कापला जातो. राहावयास फडाजवळ कोपी. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते आणि वाहन रात्री आले तर भरणी रात्री करावी लागते.

आता प्रमाणपत्राचे मानक या वस्तुस्थितीवर ठेवून पाहावे. मानकाच्या शब्दांत फारसा दोष काढता येणार नाही. वेठीस मनाई आहे, बालमजुरीस मनाई आहे, किमान वेतनाची हमी आहे, आणि कंत्राटदारामार्फत येणारा श्रमिकही त्यात धरलेला आहे. अडचण शब्दांची नसून पुराव्याची आहे. किमान वेतन पाळले की नाही हे ठरविण्यास दोन आकडे लागतात : काम किती तास झाले आणि ते किती माणसांनी केले. टनावरच्या हिशेबात पहिला आकडा नसतो, आणि कोयत्याच्या हिशेबात दुसरा नसतो. दोघांनी मिळून तोडलेल्या उसाचा मोबदला एकाच्या नावे लिहिला गेला की स्त्रीचे वेतन किती, हा प्रश्न उत्तरासकट नाहीसा होतो. वेठीचा निकषही असाच हातातून निसटतो. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आगाऊ रकमेच्या मोबदल्यात सक्तीने घेतलेल्या श्रमाला वेठ म्हणतो. परंतु तपासनिसाला कारखान्याच्या दप्तरात आढळतो तो वाहतूकदाराशी झालेला रीतसर करार, आणि त्या करारात सक्तीचा शब्दही नसतो. तपासनीस अप्रामाणिक असण्याची येथे काहीच आवश्यकता नाही. त्याने प्रामाणिकपणे कागद तपासले तरी कागद त्याला हेच सांगतील.

यात आणखी एक गुंता आहे, आणि त्याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वाच्या कामी खर्चण्याचे बंधन घातले. असे बंधन कायद्याने घालणाऱ्या अगदी आरंभीच्या देशांत भारताची गणना होते. पण सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे, त्यामुळे तो या कलमाबाहेर राहतो. जे खाजगी कारखाने कलमाखाली येतात त्यांच्याबाबत नियम असे सांगतात की, धंद्याच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग असलेला किंवा केवळ आपल्या नोकरवर्गाच्या हितासाठी केलेला खर्च सामाजिक दायित्वात धरू नये. नियम योग्यच आहे. पगार देणे हा परोपकार नव्हे. तथापि ऊसतोडीत त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो. कोपीत सौरदिवा दिला, फडावर आरोग्यशिबिर भरविले, साखरशाळेस मदत केली, तर हा खर्च दायित्वाच्या खात्यात मांडण्यास वाव राहतो, तो हा श्रमिक आपला नोकर नव्हे असे मानले तरच. दायित्व स्वीकारावयाचे आणि नाते नाकारावयाचे, या दोन गोष्टी येथे एकमेकींना पोसतात.

बोन्सुक्रोसारख्या मंडळाचा दावा याहून वरचा होता. नफा कसा खर्च करावा हे न सांगता तो कसा मिळवावा हे ते सांगू पाहते, आणि म्हणून त्याची परीक्षाही त्याच पातळीवर झाली पाहिजे. परीक्षेचे प्रसंग दोन आले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा सुरू झाली. महिला संघटनांनी आवाज उठविला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे तिला आढळले. नंतर मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्रातील ऊसतोडीतील कर्जबंधन, बालविवाह आणि याच शस्त्रक्रिया यांवर विस्तृत वृत्तान्त प्रसिद्ध केला, व कोका-कोला आणि पेप्सिको यांसारख्या खरेदीदारांपर्यंत जाणारा साखरेचा मार्ग दाखविला. दोन्ही वेळी दुखणे उघडकीस आणले ते स्त्रियांच्या संघटनांनी, वृत्तपत्रांनी आणि विधिमंडळाने. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तीही एका वृत्तपत्रीय लेखावरून. ज्या यंत्रणेचे कामच तपासणी हे होते, तिच्याकडून हे आधी कळावयास हवे होते.

या मंडळांचे समर्थक म्हणतील की, प्रमाणपत्रामुळे खरेदीदार निदान या विषयाशी बांधला गेला. एरव्ही अटलांटा किंवा लंडन येथील कंपनीला जामखेडच्या कोपीशी काय कर्तव्य होते? आक्षेपात तथ्य आहे. परंतु बंधन किती पक्के, हेही पाहावे लागते. बोन्सुक्रोच्या पद्धतीत प्रमाणित साखरेचे श्रेयांक साखरेपासून वेगळे काढून विकता येतात. साखर एकीकडून आणि श्रेयांक दुसरीकडून घेणे खरेदीदाराला शक्य असते. धान्य एका दुकानातून आणावे आणि पावती दुसऱ्या दुकानाची दाखवावी, असाच हा प्रकार. कंबोडियातील प्रकरण तर अधिक बोलके आहे. तेथील ऊसमळ्यांसाठी शेकडो कुटुंबांना जमिनीवरून हुसकावून लावल्याची तक्रार ‘मित्र फोल’ या थाई कंपनीविरुद्ध २०११ मध्ये मंडळाकडे गेली. तक्रार चालू असता कंपनी मंडळातून बाहेर पडली. २०१५ मध्ये तिला पुन्हा प्रवेश मिळाला. अखेर त्या कुटुंबांच्या बाजूने मंडळाविरुद्धच तक्रार झाली, आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा ब्रिटनमधील जो संपर्क-विभाग आहे त्याने २०२२ मध्ये, कंपनीला परत घेताना मंडळाने त्या तत्त्वांचे काही बाबतींत पालन केले नाही, असा अभिप्राय दिला. सभासदाला बाहेर जाण्याचे आणि परत येण्याचे स्वातंत्र्य होते. विस्थापित कुटुंबांना मात्र आत येण्याचे दारच नव्हते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४० मंडळांची छाननी करण्यात आली, आणि ज्यांच्या हक्कांसाठी ही मंडळे असतात त्यांना त्यांच्या कारभारात फारच क्वचित स्थान असते, कंपन्यांवर वचक ठेवण्याचे साधन म्हणून ती अपुरी आहेत, असा निष्कर्ष त्यात निघाला.

याउलट ऊसतोड कामगार खरोखर पक्ष म्हणून ज्या एका ठिकाणी दिसतो ते ठिकाण अगदी देशी आहे. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, बीडचे गोपीनाथ मुंडे अशा नेत्यांच्या काळापासून साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात लवादाची प्रथा आहे. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवण्याची हाक येते, ऊस फडात उभा राहतो, आणि मग बोलणी होतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली ती याच मार्गाने. मुकादमांच्या कमिशनमध्ये १ टक्का वाढही त्याच बैठकीत ठरली. म्हणजे कामगार आणि त्याला उचलीत बांधणारा मध्यस्थ हे मेजाच्या एकाच बाजूला बसतात. या लवादात स्त्रियांचा आवाज नाही, उचलीची बाकी, खाडा, कोपी, पाणी यांचा विचार दरापुढे मागे पडतो, आणि पुढाऱ्यांचे हितसंबंध कारखान्यांतही असतात. इतके दोष असूनही त्याला एक गुण आहे, जो लंडनच्या मानकाला नाही : दुसऱ्या बाजूला नकार देता येतो.

अन्य देशांतील जे थोडे प्रयत्न टिकाऊ ठरले त्यांतही हाच गुण आढळतो. फ्लोरिडात टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या इमोकाली येथील संघटनेने मोठ्या खरेदीदारांशी बंधनकारक करार केले. बांगलादेशात एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावल्यावर कामगार संघ आणि कंपन्या यांच्यात जो करार झाला, तोही कायद्याने बंधनकारक होता. तमिळनाडूत दिंडिगुल येथे २०२२ मध्ये बहुतांशी दलित स्त्रियांच्या कामगार संघाने वस्त्रोद्योगातील लैंगिक अत्याचाराविरुद्ध असाच करार घडवून आणला. त्यांत कामगारांची संघटना निमंत्रित म्हणून आली नाही, स्वाक्षरी करणारी म्हणून आली.

मात्र दिंडिगुलचा नमुना उचलून पाथर्डीला आणावा, असे सुचविणे भाबडेपणाचे होईल. कापड गिरणीला दरवाजा असतो, हजेरीपट असतो, पाळी सुटते तेव्हा बाहेर उभे राहून बोलता येते. फड रोज बदलतो. टोळी पाथर्डीची, फड राहात्याचा किंवा कर्नाटकाचा, उचल मुकादमाची, साखर कोणाची हे तोडणाऱ्याला ठाऊक नाही. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या सहकारी कारखान्यांकडे जाणाऱ्या खानदेशी टोळ्यांचा अभ्यास जान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हाही, एकाच फडातील मजुरांना एकमेकांपासून विलग ठेवणारी अशीच मुकादमी रचना त्यांना दिसली होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा जो कायदा झाला तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. पाथर्डीहून राहात्यास जाणारा त्यात बसत नव्हता. सहकारात सभासद नाही, कायद्यात स्थलांतरित नाही, मानकात श्रमिक आहे पण कागदावर सापडत नाही, अशी ही तिहेरी अनुपस्थिती.

यावर राज्याने योजलेला एक उपाय या प्रमाणपत्रांपेक्षा अधिक आश्वासक दिसतो, जरी त्याची चाल मंद असली तरी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ प्रतिटन १० रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच शासनाकडून घेऊन उभे करावयाचे, आणि गावोगाव ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावयाची, अशी ती योजना होय. पैशाचा भाग सोडला तरी नोंदीचा भाग मोलाचा आहे. माणसामाणसाची, स्त्री आणि पुरुष यांची वेगवेगळी यादी झाली तर किमान वेतनाच्या हिशेबात जो दुसरा आकडा नव्हता तो प्रथमच उपलब्ध होईल. आज काट्यावरच्या पावतीवर उत्पादकाचे नाव असते, वाहनाचा क्रमांक असतो, वाहतूकदाराचा संकेतांक असतो आणि वजन असते. तपासनीस ती पावती पाहतो, आणि पुढे लंडनला जो अहवाल जातो त्याचा आधार असेच कागद असतात. त्या पावतीवर तोडणाऱ्या दोघांची दोन नावे यावीत, ही मागणी बोन्सुक्रोला आपल्या गाभ्याच्या निकषांत घालता येण्याजोगी आहे; तिला मोठा खर्च नाही, आणि तिचे मापही करता येते. ती करील कोण, हा प्रश्न मात्र राहतो. कारण मानकाचा मसुदा ज्या सभासदांपुढे संमतीसाठी जातो, त्यांत कोयता नाही.